तेलाच्या टाकीतला दुसरा हात

पोलीस ठाणे, सिंदी (रेल्वे). दिनांक १५ मे १९७९, दुपारी ३ वाजता.

लहानू गोविंदा झाडे, वय ३६ वर्षे, धंदा रंगकाम, राहणार नालवाडी, जिल्हा वर्धा.

समक्ष हजर राहून सांगतो की, मयत बंडूजी तडस, वय ४४, हे माझी बहीण प्रमिलाबाई हिचे यजमान. रंगकाम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. आठ दिवसांपासून आम्ही दोघे सिंदी (रेल्वे) येथील एका तेलाच्या मिलमध्ये लोखंडी टाकी आतून रंगवीत होतो. टाकी पंधरा फूट खोल. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे एकच तोंड. रंगात थिनर घालावे लागते. त्याची वाफ आत कोंडते. डोळे चुरचुरतात, डोके गरगरते.

बंडूजींना तीन वर्षांपासून दम लागत असे. डॉक्टरांनी हे काम सोडा म्हणून सांगितले होते. म्हणून ते वर थांबत व मी आत उतरत असे.

काल सकाळी माझा खोकला थांबेना. मी मिलचे सुपरवायझर वासुदेवराव यांना म्हटले, "साहेब, हवा खेचायले पंखा द्या, नाई तर आज काम बंद ठेवतो."

ते म्हणाले, "पंखा ऑफिसात लागते. तासाभराचं काम हाय, आटपा."

तेव्हा बंडूजी म्हणाले, "तू वर राह्य. मी जाऊन येतो." मी त्यांना अडविले नाही.

दहा वाजता ते कमरेला दोरी बांधून उतरले. ठरल्याप्रमाणे मधून मधून ब्रशचा दांडा टाकीवर ठोकत होते. साडेदहाच्या सुमारास ते एकटेच हसू लागले. मी विचारले, "भाऊजी, काऊन हसून राह्यले?"

"काई नाई रे, पोरीच्या लग्नात…" पुढचे समजले नाही. त्यानंतर ठोका आला नाही.

थिनर चढले की माणूस असा हसतो, हे मला माहीत होते. तरी मी हाकाच मारीत राहिलो. दोरी ओढायला किती वेळ लावला ते सांगता येत नाही. दोन हमाल धावत आले. आम्ही तिघांनी त्यांना वर काढले. ओठ निळे होते. ट्रकमधून वर्ध्याला नेताना वाटेत श्वास थांबला.

विचारल्यावरून सांगतो की, बंडूजी दारू प्यालेले नव्हते. वासुदेवराव तसे म्हणतात ते खोटे आहे. टाकीतून निघालेला कोणीही झोकांड्या खातो. प्रमिलाबाई कालपासून मला एकच विचारते, "तू काऊन नाई उतरला?"

आणखी एक लिहावे. आज बारा वाजता वर्ध्याला मयताला अग्नी दिला. तेथे आलेल्या हमालाने सांगितले की, रंगाचा उरलेला दुसरा हात मारायला वडनेरचे दोन रंगारी आणले आहेत आणि ते चार वाजता त्याच टाकीत उतरणार आहेत. पंखा अजून ऑफिसातच आहे. म्हणून मी आंघोळही न करता बसने इकडे आलो. हे मी आल्याबरोबर सांगितले होते. आता साडेतीन झाले आहेत.

लिहिलेले मला ऐकविले. सांगितले तेच आहे, कमी-जास्त काही नाही.

सही: लहानू झाडे

नोंद: जबाब देणारा सही करताच निघून गेला. मी शिपायासह ४ वाजून १० मिनिटांनी मिलवर पोचलो. वडनेरचे दोन्ही रंगारी खाली जमिनीवर उभे होते. जबाब देणारा वर टाकीचे तोंड अडवून बसलेला आढळला. खोकत होता. टाकीवरून खाली उतरण्यास सांगितले असता उतरला नाही.

हेड कॉन्स्टेबल