जळकी कड

— न्हाई हो मालक, कात्रीनं न्हाई कापत, आणि जाळत तर मुळीच न्हाई. बसा, बसा, त्या स्टुलावर नका, तेचा पाय मोडलाय, इकडं कूलरसमोर बसा — एवढ्या उकाड्यात फुल बाह्या घालून आलात, मनगटाच्या गुंड्यासुद्धा लावलेल्या! उमरीतला मे महिना हाय हा, महाबळेश्वर न्हाई. असू द्या, तुमची मर्जी. तुमचा पेनड्राइव्ह लावलाय, फोटू उघडायला पाच-धा मिनिटं घेतंय हे डबडं, तवर सांगतो. जळकी कड पाहिजे म्हणालात ना? बराबर जागी आलात. ह्या चन्नबसप्पाच्या कडंसाठी नांदेडपास्न लोक येतात. आता फ्लेक्सवर दोन कडा चालतात — वाढदिवसाला फटकाऱ्याची, म्हंजी रंगाचा ब्रश खसाखसा ओढल्यावानी, आणि माणूस गेला की जळकी — कागद चुलीतनं ओढून काढल्यावानी, तपकिरी, कुरतडलेली. जित्या माणसाला मी जळकी कड लावत न्हाई. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चुकून लागली, तर चौकात म्हातारी माणसं फ्लेक्सखाली चपला काढून हात जोडून राहिली! — हसत न्हाई तुम्ही. हाव, घरात दुःख असंल. कोण गेलं? ...बरं, न्हाई विचारत. तारीख तेवढी सांगा, खाली टाकावी लागती. मागून सांगतो म्हणता? सांगा मागून.

तर बगा, ही कड कशी होती. फोटूला हातच लावायचा न्हाई. फोटूवर एक मास्क चढवायचा — आपण तोंडाला बांधतो तसलाच समजा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तिथला फोटू झाकतो, पांढरा फिरवला की उघडा. मी खरबरीत ब्रश घेतो आणि काठानं टोचत-टोचत जातो, हातानं — काम्प्युटरवर सोडलं की कड झालरीवानी एकसारखी येती, आणि जळालेला कागद कुठं एकसारखा जळतो? खरी गंमत पुढं हाय. काठाला नको असलेलं माणूस असलं ना — भांडून गेलेली सून, दुसऱ्या पार्टीचा कार्यकर्ता — तर कड जरा आत घ्यायची, गिळून टाकती. बगणाऱ्याला वाटतं डिझाइन हाय. पण गिळत न्हाई हो, नुसती झाकती! खाली फोटू जसाच्या तसा. मास्कवर एक टिचकी मारा, गेलेले सगळे परत उभे. बाकीचे स्टुडिओवाले फोटू पक्का करून टाकतात, मग खालचं काहीच ऱ्हात न्हाई. मी तसं करत न्हाई. कामून? अहो, वर्षानं तेच लोक परत येतात — पयला स्मृतिदिन, दुसरा स्मृतिदिन — कड जरा मोठी करा, नाव बारीक करा. फाइल उघडी ठेवली की काम सोपं. आमची मंडळी, शिवकांता, म्हणती, ही तुमची सवय एक दिवस नडंल. म्हणू द्या.

— काय म्हणलात? निघालं का कुणाचं, असं झाकलेलं? ...हळू बोला जरा. तुम्ही भाईरगावचे दिसता म्हणून सांगतो, इथं कुणाजवळ बोललो न्हाई. आनंदराज म्हणून पोरगं होतं, नदीकाठच्या गावचं, तहसीलात कारकून. वाळूचे टिप्पर चोरून निघायचे, हा तेंचे फोटू काढून वर पाठवायचा. मागच्या मे महिन्यात वाळूच्याच खड्ड्यात बुडून गेला. पाय घसरला म्हणले. चौकात सगळ्यात पयला फ्लेक्स लागला तो कुण्या मित्रमंडळाचा — आणि कसं असतं मालक, ज्याचा फ्लेक्स पयला लागतो तेच्यावर कोणी शक घेत न्हाई. तो फ्लेक्स माझ्या हातचा. व्हाट्सअपवर फोटू आला होता, नंबर नवा, माणूस मी बगितलाच न्हाई, फ्लेक्स न्यायला पण ऑटोवाला पाठवला. फोटूत आनंदराज नदीवर हसत उभा, खांद्यावर कुणाचा तरी हात — माणूस फोटूच्या भाईर, नुसता हात आलेला, मनगटावर एकाखाली एक तीन हिरवी टिंबं गोंदलेली — आणि मागं टिप्पर. हुकूम काय, तर हात आणि टिप्पर कडंत घाल, कड जळकी पाहिजे, तारखेची जागा मोकळी ठेव, मागून सांगतो. बुधवारी फोन आला, मी तारीख टाकली. दिवसाला पाच-सहा मयताची कामं येतात, कोण एवढा इचार करतो?

आता मागच्या आठवड्यात तेची बहीण आली, विशाखा. स्मृतिदिनाचा फ्लेक्स करायचा म्हणून. मी जुनी फाइल काढली, आणि मला आपली हौस — पोरगी शिकलेली दिसली, म्हणलं बग बाई काकाची करामत, आणि मारली मास्कवर टिचकी. टिप्पर उभा राहिला, नंबरासकट. हात पण. पोरगी पुढं वाकली. मग तिनं वर फाइलीच्या नावावर बोट ठेवलं — मी नावातच काम घेतल्याची तारीख टाकतो ना. म्हणली, "काका, ही सोमवारची हाय. दादा तर बुधवारी गेला." मालक, मी ती तारीख दोनदा वाचली. म्हंजी मी जित्या माणसाला जळकी कड लावली होती. तो सोमवारी हापिसात बसून चहा पेत असंल, आणि मी हितं कूलरपुढं बसून तेच्या तोंडाभवती जाळ काढून राहिलो होतो, कुठं तपकिरी जास्त झाली का म्हणून मागं सरकून बगत होतो. तवापास्न अन्न ग्वाड लागत न्हाई मला. खरंच सांगतो, न्हाई लागत.

— दिली ना फाइल तिला! न द्यून कसं चालंल? मास्कासकट, पेनड्राइव्हवर. आणि माझ्याजवळची पुसून टाकली, भ्यालो म्हणून — खोटं कामून बोलू. आता एकच हाय, तिच्याजवळ. न्हाई न्हाई, गावात कुठं ऱ्हाती ती, लातूरला असती, परीक्षेचा अभ्यास करून राहिली, औसा रोडला दाळमिलच्या मागं खोली केलीय. एकटीच ऱ्हाती. लई धीराची पोरगी. उद्या सकाळच्या एसटीनं नांदेडला येणार हाय, पोलिसाच्या मोठ्या साहेबाच्या हातात फाइल द्यायला. कालच फोन आला होता तिचा — "काका, तुम्ही साक्ष द्याल ना?" देईन म्हणलो. मी दुसरं काय करू शकतो आता?

— हां, सोडलीच शेवटी गुंडी! मी म्हणलंच होतं, या उकाड्यात कुणाचं काही चालत न्हाई. सारा, वर सारा बाह्या, मोकळं व्हा, पाणी घ्या तो जग हाय तिथं...

...हे... हे तुमच्या मनगटावर...

न्हाई, काही न्हाई. काही न्हाई मालक. असंच. टिंबं काय, लई लोकं गोंदवतात, जत्रंत बसतात ना गोंदणारे, आमच्या आजीला पण होती... फोटू उघडला वाटतं तुमचा. बगू... ही तर... एसटी स्टँड हाय हा. लातूरचा. निळी ओढणी... तिला माहीतच न्हाई कोणी फोटू काढून राहिलंय, ती तर तिकडं गाडीकडं बगती —

मालक, मी उगं बोललो. मला सवय हाय, गिऱ्हाईक बसलं की काहीबाही फेकत ऱ्हायची, शिवकांताला विचारा पाहिजे तर. औसा रोड न्हाई. लातूरलाच न्हाई ती, पुण्याला गेली, आणि फाइल पण खराब झाली, उघडतच न्हाई... जळो माझं तोंड. जळो हे तोंड! पोरगी काका म्हणती हो मला. मी कड लावणार न्हाई. हात तोडा माझा, पर हिला न्हाई लावणार — शटर कामून ओढून राहिलात? दुपारची येळ हाय, गिऱ्हाईक येतील, शेजारी लोक हायत —

काय म्हणलात?

तारीख?

...उद्याची?