फाडू नका, पुढच्या वर्षी लागेल

...आणि भेटींच्या कागदाला लावायचा चिकट टेपसुद्धा छोटाच आणायचा! मोठा नाही, कारण मोठा हाताशी असला की माणूस वाटेल तसा उधळतो, हे आमच्या हिचं शास्त्र, आणि शास्त्रापुढे आपलं काय चालतं? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी त्याच छोट्या टेपसाठी दुकानात उभा होतो. सुट्ट्या तोंडावर आलेल्या, रांगेत सगळ्यांच्या हातात चकचकीत कागदांच्या सुरळ्या, रंगीत फिती, आणि माझ्या हातात काय, तर नखाएवढा टेप! तेवढ्यात फोन वाजला. शेजारीणबाई. 'अहो भाऊ, लगेच या... ताई पडल्या... डॉक्टर आलेत, पण... ताई गेल्या हो!' आणि समोर दुकानदार विचारतोय, 'साहेब, पिशवी देऊ?' मी म्हणालो, 'पिशवी नको.' ऐकताय ना? बायको गेल्याचं कानात, आणि तोंड म्हणतंय, पिशवी नको! इतक्या वर्षांचं वळण, जाणार कुठे?

वळण कसलं, तेही ऐका. आमच्या घरी भेट उघडायची म्हणजे शस्त्रक्रिया. कोणी नुसता हात लावला रे लावला, की स्वयंपाकघरातून आवाज, 'फाडू नका! पुढच्या वर्षी लागेल!' मग ही ओले हात पुसत येणार, दाढीच्या पात्याने टेप अलगद सोडवणार, आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय, जणू आत कुणाचं आतडं आहे! मग कागदावर जुनी चादर टाकून मंद इस्त्री. माझ्या शर्टाला नाही हो मिळाली कधी एवढी मायेची इस्त्री!

तरी टेपची कड कापावीच लागायची, म्हणजे कागद दरवर्षी थोडा आखूड. आता गंमत बघा, लोक भेट घेतात आणि तिच्या मापाचा कागद शोधतात. आमची ही कागद मोजायची आणि त्याच्या मापाची भेट शोधायची! निळ्या चांदण्यांचा एक कागद होता, माझ्या वहिनीच्या भेटीवरून आलेला. त्यात लेकीला आधी टेबलदिवा मिळाला. मग चपला. मग मोजे. मग कंगवा. लेक म्हणाली, 'आई, आता काय, खोडरबर?' तर ही गंभीरपणे म्हणते, 'बरं सुचवलंस.' नावाच्या चिठ्ठ्यासुद्धा दरवर्षी त्याच. माझ्या चिठ्ठीवर नाव नाहीच, नुसतं 'अहो'. शाई उडाली की वरून गिरवायची, झालं!

पण मला एक सांगा, मोठा टेप असा कितीसा महाग असतो? मोठा असता तर संपला नसता, संपला नसता तर मी दुकानात गेलो नसतो, गेलो नसतो तर घरात असतो, घरात असतो तर... डॉक्टर म्हणाले, 'काही फरक पडला नसता हो.' नसेल पडला. पण मी तिथे असतो की नाही? एवढंच विचारलं.

परवा पुन्हा सुट्ट्या आल्या. येणारच, त्यांना काय! वहिनी आली, लेक आली, जावई आला. जावई भला माणूस, पण घरात नवा. लेकीने दिलेलं खोकं त्याने हातात घेतलं आणि... टर्रर्र! आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागलो. काही आवाज नाही. जावई फाटका कागद धरून म्हणतो, 'माझं काही चुकलं का?' 'छे हो, फाडा की!' असं म्हणून वहिनी उठली आणि आत गॅस बंद करायला गेली. गॅस चालूच नव्हता.

लेक म्हणाली, 'बाबा, आईचे कागद तरी काढू या.' कपाटावरची ती इस्त्रीची जुनी चादर खाली काढली, उलगडली, तर आतून एवढंसं पुडकं निघालं. निळ्या चांदण्या. वर चिठ्ठी, 'अहो'. शेजारीणबाईंनी त्या दिवशीच्या धावपळीत चादर आतल्या सगळ्यासकट गुंडाळून वर ठेवली असणार. एक बाजू चिकटवलेली, दुसरी नुसती दुमडून तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. तिथेच टेप संपला होता हो! म्हणजे मला पिटाळलं होतं ते माझ्याच भेटीपायी!

लेक म्हणते, 'उघडा ना बाबा, नुसता चिमटाच तर काढायचाय.' जावई म्हणतो, 'फाडायलासुद्धा नको.' खरं आहे. उघडायला इतकी सोपी भेट या घरात कधी मिळाली नव्हती! वहिनी म्हणते, 'मग चिकटवून तरी ठेवा, भावजी.' तेही खरं. टेप आहे की घरात! छोटा. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पण टेप लावला की कड कापावी लागणार, आणि कड कापल्यावर त्या कागदात काय मावेल, तुम्हीच सांगा! पुढच्या वर्षी लागेल म्हणते... म्हणायची.

तर पुडकं टेबलावर आहे. चिमटा तसाच. दुसरी बाजू चिकटवायची राहिली आहे.