इंजिनाची सायकल, चारीच्या पुलापासून फाट्यापर्यंत

जबाब
तालुका पोलीस ठाणे, दि. १९/१२/२०२५

नाव छगन रंगनाथ आभाळे, वय ४४ वर्षे, धंदा सायकल दुरुस्ती, रा. पिंपळदरा, ता. कोपरगाव, जि. अहिल्यानगर.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे की, वरील पत्त्यावर मी पत्नी व दोन मुलींसह राहतो. गावच्या स्टँडजवळ माझे दुकान आहे. गावातील इब्राहिम चांद सय्यद, वय ६१, यांना मी लहानपणापासून ओळखतो. मी त्यांना चाचा म्हणतो. ते सायकलवर पत्र्याची पेटी बांधून वस्त्यांवर पाव, खारी, टोस्ट विकतात. त्यांचा उजवा गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्या सायकलला छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवून दिले. त्याला किक नाही. क्लचची लिव्हर दाबून पायडल मारायचे, वेग आला की लिव्हर सोडायची, मग चाकाच्या जोरावर इंजिन फिरून चालू होते.

दि. १७ रोजी सायंकाळी साडेचारच्या सुमारास चाचा सायकल ढकलत दुकानात आले. "लई पायडल मारलं, इंजन धरतच न्हाई," असे म्हणाले. मी झाकण खोलून पाहिले. क्लचचे पॅड घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. लिव्हर सोडली तरी क्लचची प्लेट घसरत होती व इंजिन फिरत नव्हते. नवीन पॅड नगरहून यायला चार दिवस लागतील, तोवर सायकल येथेच राहू द्या, असे मी सांगितले.

त्यावर चाचा म्हणाले, "चार दिवस कसं जमंल? ऊस तुटाया लागल्यापासून ते जनावर रस्त्याला येतंय. इंजनाचा आवाज आसला की बाजूला हुतं. पायी जायाची मला भीती वाटती, छगन."

म्हणून मी प्लेटवरचा नट आवळून दिला. नट जास्त आवळला की प्लेट धरते, पण लिव्हर जड होते आणि क्लच पुरता सुटत नाही. मी चाचांना सांगितले, "मधी रस्त्यात थांबू नका. थांबलात की बंद पडंल. वस्तीवर बंद पडली तर कुणाला तरी ढकलाया सांगा." कालव्याच्या चारीच्या पुलाला उतार आहे. तेथे आधी मी चालवून बघतो, मग तुम्ही बसा, असे ठरले. पूल दुकानापासून अर्धा किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंना ऊस आहे.

पुलावर चाचांनी पेटी उतरवून कठड्यावर ठेवली. मी दोन वेळा उतारावरून गेलो. दोन्ही वेळा प्लेट घसरली. तिसऱ्या वेळेसाठी सायकल वर ढकलत आणली तेव्हा सहा वाजत आले होते. दिवस मावळला होता, पण दिसत होते.

उसातले वाळके पाचट वाजले. वारा नव्हता. चाचांच्या मागे वीस-पंचवीस फुटांवर ते उसातून निघून रस्त्यावर आले आणि खाली बसले. ते म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगतो की बिबट्या. गावाकडे जायचा रस्ता त्याच्या पलीकडे होता.

चाचांची त्याच्याकडे पाठ होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितले आणि हळू विचारले, "मागं हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"किती लांब?"

मग चाचा म्हणाले, "चालू कर. आवाज कर."

मी सायकल वळवून बसलो व उताराने पायडल मारले. लिव्हर सोडली. या वेळी प्लेटने धरले व इंजिन चालू झाले. आवाज मोठा होता. आवाजाने ते जाईल असे मला वाटले. मी मागे वळून पाहिले नाही. मागे पेटी पडल्याचा आवाज आला. नंतर चाचांनी हाक मारली, "छगन." एकदाच मारली.

पुलापासून सहाशे मीटरवर रस्त्यालगत लंकाबाई रोहोम यांची वस्ती आहे. लंकाबाई गायी बांधत होत्या. त्यांची दोन मुले ओट्यावर होती. लंकाबाईंनी विचारले, "काय झालं रं?" ते मला ऐकू आले. मी तेथे थांबलो नाही. पुढे तीन किलोमीटरवर फाटा आहे, त्या फाट्यापर्यंत गेलो.

वस्तीवर का थांबला नाहीत असे विचारल्यावरून सांगतो की, थांबलो असतो तर गाडी बंद पडली असती व पुन्हा चालू झाली नसती.

पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा वळत होता म्हणून मला लिव्हर दाबावी लागली. सायकल थांबली. इंजिन बंद पडले नाही. जागेवर चालू राहिले. म्हणजे क्लच सुटत होता. वस्तीवरही थांबता आले असते. मी तेथे लिव्हर दाबून पाहिली नाही.

फाट्यावर चहाच्या टपरीत माणसे होती. मी त्यांना काही सांगितले नाही. किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. पेट्रोल संपून इंजिन बंद पडले. त्यानंतर पत्नीचा फोन आला की चाचांना ग्रामीण रुग्णालयात नेले आहे.

मला लंकाबाईंकडून नंतर समजले ते असे की, मी थांबत नाही हे पाहून त्या मुलांना घेऊन पातेले बडवत पुलाकडे पळाल्या. चाचांनी पेटीचे झाकण तोंडापुढे धरले होते. माणसे पाहून ते जनावर उसात गेले. चाचांच्या डाव्या खांद्याला व दंडाला एकतीस टाके आहेत. त्या हाताची बोटे अजून हलत नाहीत.

रात्री मी रुग्णालयात गेलो. चाचांच्या पत्नी हमिदाचाची बाहेर बाकावर होत्या. त्यांनी मला जवळ बसवले. म्हणाल्या, "तू गेलास म्हणून मानसं आली, बाबा." त्यांनी थर्मासमधला चहा दिला. तो मी प्यालो. चाचांना भेटायला आत गेलो नाही.

चाचांनी रुग्णालयात दिलेल्या जबाबातील एक वाक्य हवालदारसाहेबांनी मला आता ऐकवले: "मीच छगनला माणसे आणायला पाठवले होते." याबाबत सांगतो की, चाचांनी मला कोठेही पाठवले नव्हते. त्यांनी आवाज करायला सांगितले होते. मी पळालो.

हा जबाब माझ्या सांगण्यावरून हाताने लिहून मला मराठीत वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर "मदत आणण्यासाठी फाट्यापर्यंत गेलो" असे लिहिले गेले होते. त्यातील पहिले दोन शब्द माझे नसल्याने माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. खोडलेल्या जागी मी वेगळी सही केली आहे. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही/-
छगन रंगनाथ आभाळे