इझाबेलचं बोलणं

नाही, बसा टीचर, तुमची रिक्षा थांबेल जरा — इझाबेल वाडीत केळीची पानं कापायला गेलीय, ती यायच्या आत सांगते. नायगावचा तुमचा क्लास आता बंद करायचाय. तुमचं काही चुकलं नाही. पोरीला ऐकू येत नाही, लहानपणापासून तिचं बोलणं मीच बोलते — दुकानात मी, डॉक्टरकडे मी, मिस्सा संपल्यावर फादरांनी विचारलं की मीच सांगते, बरी आहे. माझ्या ओठांकडे बघून तिला सगळं कळायचं, आणि तिच्या मनातलं मला. कळायचंच की. मग तुम्ही तिला ते हातवारे शिकवले — बरं, भाषा. भाषा म्हणते. परवा आरशासमोर हनुवटीला बोट लावून तीच ती खूण करत होती. विचारलं तर मोबाइलवर लिहून दाखवलं, हे माझं नाव. आता बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव काय वाईट होतं — काय? तिने ते कधी ऐकलंच नाही? ... हो. तेही खरंच.

रविवारी भुईगावची माणसं बघायला आली होती तिला. मुलगा चांगलाय, सगळं जाणून आलेला. त्याच्या आईने विचारलं, पोरीची मर्जी आहे ना? तर ही उठून उभी राहिली, हातांनी भराभर बोलायला लागली, छातीवर बोट ठेवून — मी, मी, एवढंच मला समजलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी सांगितलं, ती म्हणते, तुम्ही ठरवाल ते. दुसरं काय सांगणार? मला कळलंच नव्हतं — नाही-नाही अशी मान हलवत होती, ते कळलं. तेवढं कोणालाही कळतं, टीचर. तेव्हापासून मी बोलायला लागले की ती डोळे मिटून घेते. घट्ट. मी आई आहे तिची, मी ओरडले, रडले, तरी तिच्यापर्यंत काही पोचतच नाही — आणि परत ते लोक यायचेत, साखरपुड्याची तारीख धरायला, मी त्यांना काय —

आली बघा. ये बाय, टीचर आल्यात — ... हे काय करतेय? तुमच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून करतेय. टीचर, काय म्हणाली ती? नको — थांबा, तुम्ही नका सांगू. तुम्ही निघा आता. निघा ना, टीचर.

इझाबेल. परत सांग. सावकाश.