तीन ड्रॅगनवाली

पार्सलच्या खिडकीतल्या बाईंचा वजनकाटा अडून बसला होता, त्यामुळे रांगेतलं बोलणं त्यांना ऐकावंच लागलं. सगळ्यात पुढे उभे असलेले गृहस्थ एक लांबलचक खोकं छातीशी धरून मेहुण्याला शिकवत होते.

"ऑनलाइन जुनी चिनी तलवार घ्यायची तर पारख लागते. ही शंभर टक्के नकली."

"कशावरून, भाऊजी?"

"ड्रॅगन नाही, लाल गोंडा नाही. घरच्या चारही तलवारींना दोन-दोन ड्रॅगन आहेत."

"त्या चारही एकाच दुकानातल्या ना?"

"अरे, त्याच्याकडे खाणच आहे. तीनशे वर्षांच्या, हुबेहूब एकसारख्या आणि लखलखीत. हिच्या मुठीचं कातडं बघ, पार झिजलंय. पात्यावर लाकडासारख्या रेषा. धड पॉलिशसुद्धा केलं नाही गाढवाने."

"मग तोच दुकानदार ही परत घ्यायला कबूल कसा झाला?"

"कबूल? सकाळपासून तीन फोन आले. म्हणतो, चुकून भलतीच तुमच्याकडे आली, आजच पाठवा, पात्याला बोट लावू नका. चांगलाच टरकलाय."

काटा सुरू झाला. बाईंनी खोकं दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवलं.

"विमा काढायचाय?"

"हो, नऊ लाखांचा. त्यानेच सांगितलंय."

"नकलीचा नऊ लाखांचा विमा, भाऊजी?"

"तेच तर. एकदा थाप मारली की शेवटपर्यंत निभवावी लागते. लिहा, बाई."

बाईंचं पेन कागदावर थांबलं.

"नक्की पाठवायची ना?"

"नक्की. बदल्यात तीन ड्रॅगनवाली येतेय, फुकट."