पाट्यावरचा पाय

गडद नेलपॉलिश. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातले जाड बूट. एकवीस दिवसांवर आलेलं लग्न. चेन्नईतला त्वचेचा दवाखाना, २००६. माझ्या मागच्या बाकावर मायलेकी.

"हळू बोल, सावनी."

"आई, इथे मराठी कुणाला कळतंय?"

"लोणच्याला बुरशी लागते. माणसाच्या नखांना कशी लागेल? ठेच लागली म्हणून सांग."

"दोन्ही पायांना?"

"तुझ्या या तमिळ सासरी लग्नात नवरा म्हणे बायकोचा पाय हातात धरून वाटणाच्या पाट्यावर ठेवतो. जोडवीही तोच घालतो. सगळा मांडव बघत असतो गं!"

"अरविंदनला माहीत आहे. त्यानेच इथे पाठवलं."

"लग्नाआधीच दाखवलंस?"

"नखं दाखवली, आई."

"ते बूटच मेले वाईट. घरी होतीस तेव्हा काही नव्हतं."

"बारावीत होतं. अंगठ्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी तशीच होती ना. मला वाटायचं, मोठं झालं की बायकांची नखं अशीच होतात."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, रडू नकोस. डॉक्टर विचारणारच, घरात आणखी कुणाला आहे का."

"नेलकटर एकच होतं गं. आधी माझी नखं कापायचे, मग तुझी."

नर्सने तमिळमध्ये नाव पुकारलं.

"चल आई, आपला नंबर."

"थांब. तिला विचार, दोघींना एकदम तपासतील का."

मघाशी आत येताना चपला बाहेर काढा, असं नर्सने हाताने खुणावूनही त्या आईला तीनदा सांगावं लागलं होतं.