खिशांची झडती

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एका बाईने सगळ्यांदेखत आपल्या गवंडी भावाच्या खिशात हात घातला, तसा तो भडकला.

“ताई, चारचौघांत झडती घेतेस? मी काय चोर आहे?”

“तंबाखू सापडली तर चोरच! रोज देवापुढे तुझ्यासाठी हात जोडते मी.”

“म्हणजे माझी लक्तरं देवाच्याही वेशीवर टांगलीस!”

“मग कोणाला सांगू? तुला सांगून सांगून जीभ झिजली माझी.”

“मग नीट बघ. आहे का खिशात काही?”

“नाही. कुठे लपवलीस?”

“लपवली? अकरा दिवस झाले, शिवलो नाही मी तंबाखूला!”

“अकरा दिवस? आणि मला बोलला नाहीस, मेल्या? मी तिकडे देवाला बोल लावतेय!”

“सांगितलं असतं आणि बाराव्या दिवशी पुन्हा खाल्ली असती, तर? देवापुढे तुझीच मान खाली गेली असती ना!”

ताईने त्याचा उलटा झालेला खिसा आत सारला. शिंपीणबाईंनी उगीच पर्स उघडून बंद केली.

“उद्याही खिसे बघणार आहेस?”

“बघणार.”

“बघ. रोज बघ. पण घरी बघ!”